सोनडोक्या : शून्य

फाटक एका वेळी एकालाच आत घेतं.
आधी इद्वाल, मग मी,
गळ्यात वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल.
जंगल म्हणायचं ते सगळं मिळून अकरा एकर.
अलीकडे मेंढ्या, पलीकडे पाटीच्या दगडाची बंद खाण,
मधे ओक आणि हेझल,
आणि काठाला स्प्रूसची एक रांग,
कुणीतरी नाताळात विकायला लावलेली
आणि मग विसरलेली.

इद्वालनं छत्तीस वर्षं बस चालवली या डोंगरांतून.
अजूनही प्रत्येक वळणावर थांबतो,
डावीकडे बघून घेतो,
कुणी हात दाखवून उभं असलं तर.

मागच्या रविवारी बर्मिंगहॅमहून एक कुटुंब आलं होतं.
"इथे बघायचं काय असतं?" त्यांनी विचारलं.
"काही नाही," इद्वाल म्हणाला. "थांबायचं असतं."
ते थांबले, साधारण चार मिनिटं.

ओढ्यावरच्या फळ्यांवर खुराड्याची जाळी ठोकलीये,
पाय घसरू नये म्हणून.
तिथं तो वाकतो, पाचोळ्यातून एक हेझलनट उचलतो.
"डॉरमाउस. खारीनं सरळ दोन फाका केल्या असत्या.
हा भोक पाडतो, आणि कड बघ,
शिंप्यानं काजं करावं तशी घोटलेली.
लिही, एक."
मी लिहिते, एक.

स्प्रूसखाली आलो की तो टोपी सारखी करतो
आणि हात वर धरतो. गप्प.
वर सोनडोक्या असतात.
वीस पेन्सच्या नाण्याएवढं वजन,
डोक्यावर पिवळी रेघ,
आणि आवाज इतका बारीक
की कानाआधी दाताला कळतो.
आज तीन होते.
"शून्य," इद्वाल म्हणाला. "लिही."
मी लिहिलं.

हा कागद जानेवारीत बँगोरच्या ऑफिसात जातो.
तिथला कुणी मुलगा त्याची रेघ काढतो.
गेल्या वर्षी त्याचं पत्र आलं, काळजीचं,
तुमच्याकडे हा पक्षी झपाट्यानं कमी होतोय,
कारण सांगता येईल का?
इद्वालनं कारणं सांगितली.
लांबलेली थंडी. झाडांवरची कीड.
तेगवेनची मांजर.
कार्डिफमधलं सरकार.

खरं कारण लोकरीच्या टोपीखाली
माझ्या शेजारून चालत होतं.
सांगायला हवं होतं मी.
त्याऐवजी शून्य फिकट काढत राहिले,
पेन्सिल कागदाला जेमतेम टेकवून.

आज मात्र एक खाली उतरला.
हाताच्या अंतरावर, वाळक्या डहाळीवर.
चोच उघडली. गळा थरथरला.
मिटली. पुन्हा उघडली.
इद्वाल बघत राहिला.
बस सुटल्यावर आरशात
कुणी मागून धावत येताना दिसावं,
हात वर, तोंड उघडं, काच बंद,
तसा.

"बोलतोय का गं तो?"
"हो."
"मेरेरिद, कधीपासून?"
आजपासून, असं म्हणता आलं असतं.
"दोन वसंत झाले," मी म्हणाले.

त्यानं वही मागितली.
मला वाटलं आता खोडणार.
बोट ठेवून एकेक शून्य मोजलं, सतरा भरली,
आणि समासात, थांब्यावरच्या वेळापत्रकासारख्या
उभ्या सरळ अक्षरांत त्यानं लिहिलं,
पक्षी वेळेवर. मोजणारा उशिरा.

पक्षी तोवर उडून गेला होता.
ओढ्याचा आवाज येत होता, तो त्याला येत असावा.
"आज किती?"
"तीन."
"मग लिही," वही परत देत तो म्हणाला,
"आणि या वेळी जरा दाबून."